तीन बोटं वर

माणसाची उंची त्याच्या पायांवरून नव्हे, तर ध्येयावरून मोजावी, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे खालून वर जाण्याचा इतिहास, असंही त्यांचंच म्हणणं. या इतिहासात आमच्या घराण्याने जी भर घातली ती साधारण तीन बोटांची आहे, आणि तीही एका गाडीच्या नाकाखाली मोजावी लागते.

गाडी आत्याची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. घराच्या मागच्या दोन खोल्या तिच्या, पुढच्या आमच्या, आणि स्वयंपाकघरावर आईची सत्ता. आत्याने जन्मभर बायकांचे कपडे शिवले. चौकात तिचं दुकान होतं. हात चालत होते, पण गुडघे मशीनचं पायडल मारायला नाही म्हणाले, तेव्हा तिने दुकान बंद केलं. आता ही आराम करील, असं बाबांनी जाहीर करून टाकलं. त्याच आठवड्यात ती एक जुनी मोटरहोम स्वतः चालवत घेऊन आली आणि अंगणात उभी करून चावी कमरेला लावती झाली. तिचे गुडघे ब्रेक मारायला हो म्हणाले होते.

मोटरहोम म्हणजे घर आणि गाडी या दोन्हींच्या कटकटी एकाच छपराखाली आणण्याची सोय. गळणारा नळ आणि गळणारं ऑइल यांची एरवी कधी भेट व्हायचं कारण नाही. इथे दोघं शेजारी नांदतात. आत दोन पलंग, एक ओटा, एक आरसा, आणि पुढे ड्रायव्हरची खुर्ची. बाहेरून गाडी मलईच्या रंगाची, म्हणजे पूर्वी पांढरी असावी.

गाडी आत आली तेव्हा अंगण आणि रस्ता एका पातळीवर होते. पहिली सहल ठरायच्या आतच नगरपालिकेने रस्ता नवा केला. नवा रस्ता करताना जुना आधी उखडायचा असतो, या मताची माणसं नगरपालिकेत आहेत, पण ती दुसऱ्या खात्यात. त्यामुळे जुन्यावर नवा, नव्यावर त्याहून नवा असे थर चढत गेले, आणि ही सगळी प्रगती आमच्या फाटकाशी सिमेंटच्या एका चढाच्या रूपाने येऊन थांबली. तिकडे रस्ता वर जात होता, इकडे गाडीचं नाक वयोमानाप्रमाणे खाली येत होतं. दोघांची गाठ बंपरपाशी पडली. आत्याने गाडी बाहेर काढायला घेतली की चढाच्या सुरुवातीलाच खर्रर्र असा आवाज होई आणि शेजारच्यांना कळे की आज सुट्टी आहे.

बाबा आयुष्यभर विमा कंपनीत होते. तिथे माणसाला प्रत्येक गोष्टीत आधी अपघात दिसू लागतो, आणि निवृत्त झाल्यावर तर दुसरं काही दिसायचं कारणच उरत नाही. शिवाय त्यांना त्या जागेत गुलाब लावायचे होते.

"ताई, ती गाडी बाहेर जात नाही," एका सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले.

"जाईल."

"किती वर्षं हेच ऐकतोय मी."

"मग पाठ झालं असेल तुझं. परत कशाला विचारतोस?"

"मी शेवटचं सांगतो. रविवारी, जेवायच्या आत, ही गाडी आपल्या पायांनी..."

"चाकांनी."

"चाकांनी! फाटकाबाहेर गेली, तर मी जन्मात गुलाबाचं नाव काढणार नाही. नाही गेली, तर भंगारवाल्याला मी बोलावून ठेवलाय. ट्रक घेऊनच येतोय तो."

"बरं," आत्या म्हणाली.

ती इतक्या पटकन बरं म्हणाली की बाबांचा चहा अर्धा राहिला. आईने दोघांच्या कपांकडे पाहिलं आणि "रविवारी नक्की किती माणसं जेवायला आहेत, तेवढं कोणीतरी मला सांगा," एवढंच विचारलं.

मी आत्याला मागच्या खोलीत जाऊन विचारलं, "आत्या, खरंच देशील गाडी भंगारात?"

ती मोजायची टेप बोटाभोवती गुंडाळत बसली होती. सवयीने. "शब्द दिलाय ना," ती म्हणाली. मग टेपचा एक वेढा सोडून: "अरे, थंडीच्या गावाला जाणाऱ्यांचे कोट मी शिवले. समुद्रावर घालायचे झगे शिवले. बायका परत येऊन सांगायच्या, बाई, बटण तुटलं. कुठे तुटलं ते एकीनेही सांगितलं नाही. बटण लावून घ्यायच्या आणि जायच्या. मला ती गावं बघायची आहेत, जिथे ती बटणं तुटली."

मी टेपचं दुसरं टोक धरलं.

शनिवारी मेकॅनिक आला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटतो, आणि डोळे उघडल्यावर नेहमी एकच निदान सांगतो: "उशीर केलात." त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, नाकाखाली बोटं घालून पाहिली आणि म्हणाला, "पुढच्या स्प्रिंगा बसल्यात. उशीर केलात." मग तो पाठीवर आडवा होऊन गाडीखाली गेला. बराच वेळ फक्त त्याचे बूट बोलत होते. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता.

"स्प्रिंगाच नाहीत."

"चोरीला गेल्या?" आईने विचारलं.

"मुळातच नाहीत, वहिनी."

"मग ती उभी कशावर आहे इतकी वर्षं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती.

डॉक्टरने मग समजावून सांगितलं. दोन्ही बाजूंना चाकापासून मागे गेलेला एकेक जाड पोलादी दांडा आहे. चादर पिळताना एकाने एक टोक घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने पीळ घालायचा, तसा तो दांडा मागच्या टोकाला घट्ट धरलेला आणि पुढच्या टोकाला चाकाने पिळलेला. चादर उलगडायला बघते, तसा दांडाही उलगडायला बघतो, आणि त्या ओढीवर गाडीचं नाक तोललेलं असतं. मागच्या टोकाला एकेक बोल्ट आहे. तो आवळला की पीळ वाढतो आणि नाक वर येतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी म्हण आहे. म्हण काढणाऱ्याने ही गाडी पाहिली नसावी. इथे सुंभ शाबूत होता आणि पीळ गेला होता.

"मग आवळ की बोल्ट," आत्या म्हणाली.

"बाई, हे ऑपरेशन आहे. असं बोलून होत नाही."

पण झालं. त्याने जॅक लावला, नाक उचललं, खाली लाकडी ठोकळे दिले, बोल्टांना ग्रीस पाजलं आणि लांब दांड्याचा पाना घेऊन आवळायला लागला. अधूनमधून तो बाहेर येऊन मडगार्डच्या काठापासून जमिनीपर्यंत टेप लावी. डावा मडगार्ड पूर्वी कधीतरी ठोकून सरळ केलेला होता; ज्याने ठोकला त्याचा सरळपणावर फारसा विश्वास नसावा. त्यामुळे दोन्ही बाजूंची मापं जुळेनात. डॉक्टरने उजवा बोल्ट जरा जास्त आवळून ती जुळवली. मग ठोकळे काढले, जॅक सोडला.

आणि काय सांगू! नाक वरच राहिलं. चार बोटं सहज. गाडीचा चेहराच बदलला. इतकी वर्षं जमिनीत काहीतरी शोधत असल्यासारखी उभी असलेली गाडी एकदम समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बघायला लागली. आईने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरने हात पुसले आणि कपाळाचा घाम न पुसता तसाच सगळ्यांना दिसू दिला. बाबा कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडायला गेले.

आत्या चढून ड्रायव्हरच्या खुर्चीत बसली. गाडी सुरू झाली, धुराचा एक ढग सोडून पुढे सरकली, आणि सरकता सरकता, फाटकापर्यंतच्या त्या एवढ्याशा अंतरात, नाक सावकाश खाली येत गेलं. लग्नात फोटो काढून झाल्यावर नवरदेवाचे खांदे येतात तसं. चढाला पोचेपर्यंत ते होतं तिथे आलं होतं. वर गाडी डावीकडे कललीही होती.

खर्रर्र.

"अरेरे," बाबा म्हणाले. इतका तृप्त अरेरे मी पूर्वी ऐकला नव्हता.

डॉक्टर पुन्हा गाडीखाली गेला, पुन्हा बाहेर आला. "दांडे थकलेत, बाई. पोलादालाही वय असतं. मी तर म्हणतो..."

"उशीर केला," आत्या म्हणाली.

"मी तेच म्हणणार होतो."

आत्याने गाडी मागे घेतली, उतरली, आणि मागच्या खोलीत गेली. तिने दार लावून घेतलं नाही, पण ते लावल्यासारखंच होतं.

रविवारी भंगारवाला वेळेच्या बराच आधी आला. धंद्यात त्याचं नाव होतं, कारण मयताच्या घरीसुद्धा तो कधी घाई करत नाही, असं त्याच्याबद्दल सांगत. ट्रक त्याने फाटकाबाहेर लावला आणि गाडीभोवती फिरत, मधूनच बोटाच्या पेराने पत्रा वाजवत राहिला. टण. टण. जिथे गंज होता तिथे आवाज येत नसे. तिथे तो मान हलवी.

"माल चांगला आहे," तो बाबांना म्हणाला. "जुना पत्रा. आता असा मिळत नाही."

"माल नाही, गाडी आहे ती," आत्या पायरीवरून म्हणाली. तिच्या हातात चहाचा कप होता आणि काखेत काठी. ती काठी मी ओळखली. दुकानात ती कोपऱ्यात उभी असे. जाड बुडाची, सरळ उभी राहणारी लाकडी पट्टी, वर सरकणारी एक खूण. घागऱ्याचा नाहीतर झग्याचा घेर जमिनीपासून सगळीकडे सारखा यावा म्हणून आत्या ती काठी बाईच्या भोवती फिरवी आणि खडूच्या खुणा करी.

"डॉक्टरला फोन कर," ती मला म्हणाली. "सांग, काल पेशंटने पोट आत ओढलं होतं."

डॉक्टर लगेच आला. त्याला चूक सापडल्याचं दुःख नव्हतं. निरोपाचा अर्थ न कळल्याचं होतं. आत्याने त्याला पायरीवर बसवलं.

"माप घ्यायला माणूस उभं राहिलं की काय करतं? श्वास आत ओढतं, पोट आत घेतं, टाचा वर करतं. तसं माप घेतलंस की कपडा घरी जाऊन होत नाही. मी काय करायची? म्हणायची, बाई, जरा दारापर्यंत जाऊन या. परत या. पुन्हा जाऊन या. दोन फेऱ्यांत शरीर आपल्या जागेवर येतं. मग माप. तू काल जॅक सोडलास आणि लगेच टेप लावलीस."

डॉक्टरने डोळे मिटले. या वेळी स्क्रू ड्रायव्हर नव्हता, तरी त्याला ऐकू आलं असावं. "खरंय," तो म्हणाला. "चाकं लोंबकळत असताना आत येतात. खाली टेकली की टायर जमिनीला धरून बसतो, बाहेर सरकत नाही. गाडी टाचा वर करूनच उभी राहते." मग छाती पुढे काढून: "मला हे माहीतच होतं."

"मला माहीत होतं की तुला माहीत आहे," आत्या म्हणाली. "आणि दुसरं. तू मडगार्ड मोजलास. मडगार्ड कपडा आहे. आपण माणूस मोजायचा."

माणूस म्हणजे चेसिस, गाडीचा पोलादी सांगाडा. गाडीखाली, पुढच्या चाकांच्या मागे, चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना एकेक लांबट खाच होती. ती कोणी ठोकलेली नव्हती, वाकवलेली नव्हती. आत्याने तिथून जमिनीपर्यंत काठी लावायचं ठरवलं. बंपर चढावरून सुटायला नाक तीन बोटं वर हवं होतं; शिलाईत ठेवतात तसं एक बोट जास्तीचं धरून तिने काठीची खूण लावली. आधी चारी टायरांत हवा सारखी केली. चपला वेगळ्या उंचीच्या असतील तर घेर कसा सरळ येणार, हे तिने सांगितलं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"आता सगळे आत बसा," ती म्हणाली.

"सगळे म्हणजे?" बाबा.

"प्रवासाला निघाल्यावर जो जिथे बसणार, तो तिथे. अंगावर माणूस नसताना झग्याचं माप घेतात का? तू माझ्या शेजारी."

"मी बसणार नाही. मी विरुद्ध पक्षात आहे."

"विरुद्ध पक्षालाही वजन असतं, बाळ. बस."

अडुसष्ट वर्षांच्या माणसाला भंगारवाल्यासमोर बाळ म्हटलं की तो दोनच गोष्टी करू शकतो. बाबांनी दुसरी केली. ते आत जाऊन बसले आणि हाताची घडी घालून समोरच्या काचेतून आपल्या भावी गुलाबांकडे पाहत राहिले.

आई मागच्या पलंगावर, उजवीकडे. डॉक्टरने बाहेरून विचारलं, "वहिनी, तुमचं साधारण..."

"साधारण काय?"

"काही नाही. बसा तुम्ही."

आता मी उरलो. माझी जागा आईच्या समोर, डावीकडे. पण काठी धरायला मी बाहेर हवा होतो. आत्याने इकडेतिकडे पाहिलं. भंगारवाला सगळं लक्ष देऊन बघत होता. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत एकदाच न्याहाळलं, जुन्या तांब्याकडे बघावं तसं.

"तुमचं आणि माझं सारखंच आहे," तो म्हणाला. "किलो-दोन किलो इकडेतिकडे. मी बसू का?"

या माणसाचा फायदा गाडी न निघण्यात होता. पण वजनाचा प्रश्न आला की तो पक्ष विसरत असावा. तो आत गेला, चपला दाराशी काढून ठेवल्या, पुन्हा बाहेर आला आणि चपला घेऊन गेला. "त्यांचंही वजन धरायला हवं," तो म्हणाला.

मग काम सुरू झालं. डॉक्टरने नाक उचललं, बोल्टांवरचा भार काढला, कालचा उजवीकडचा जास्तीचा पीळ सोडला आणि दोन्ही बाजू सारख्या आवळल्या. जॅक खाली. नाक झकास वर. कोणीही टाळी वाजवली नाही. काल आम्ही शहाणे झालो होतो.

"दारापर्यंत जाऊन या, बाई," डॉक्टर म्हणाला.

आत्याने गाडी पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सगळं घर आत बसून पुढेमागे होत होतं. शेजारचे गच्चीवर आले. अंगणातल्या अंगणात चाललेला हा प्रवास पाहून कोणीतरी ओरडलं, "पोचल्यावर कळवा!"

मी गाडीखाली वाकून काठी लावली. उजवीकडे ठीक होतं. डावीकडे बोटभर कमी.

"डावा थोडा," मी ओरडलो.

पुन्हा जॅक, पुन्हा पाना, पुन्हा फेऱ्या. आता डावीकडे ठीक होतं आणि उजवीकडे कमी. ही त्या दोन दांड्यांची खोड होती. एकाला वर घेतलं की दुसरा रुसून खाली बसे. बाबांनी अर्धीच उघडणाऱ्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं?"

"एकाला वर काढलं की दुसरा खाली जातोय," मी म्हणालो.

"भावंडं आहेत," आत्या स्टिअरिंगमागून म्हणाली. "थोडं याला, थोडं त्याला. एकदम एकालाच दिलं की संपलं."

बाबांनी डोकं आत घेतलं.

तेव्हा थोडं याला, थोडं त्याला असं सुरू झालं. डॉक्टर पान्याला पाव वळसा देई, पलीकडे सरपटत जाई, तिथे पाव वळसा देई. आत्या गाडीला फिरवून आणी. मी काठी लावी. आईने मध्येच विचारलं की तिला उतरून भाताखालचा गॅस बंद करता येईल का. आत्या म्हणाली, "अजिबात हलायचं नाही, नाहीतर माप चुकेल." आई म्हणाली, "म्हणजे माझ्यावरच सगळं अवलंबून आहे असं म्हणा ना." यावर भंगारवाला, बाबा आणि आत्या तिघांनीही आपापल्या खिडकीतून बाहेर पाहिलं. शेवटी शेजारणीने येऊन गॅस बंद केला.

ऊन डोक्यावर आलं. बाबांनी घड्याळाकडे पाहायला सुरुवात केली होती. पण माझ्या लक्षात आलं की आता ते आत्यापेक्षा जास्त वेळा पाहत होते, आणि त्यांचा पाय जिथे ब्रेक असता तिथे दाबला जात होता.

मी काठी उजवीकडे लावली. खुणेला टेकली. डावीकडे नेली. खुणेला टेकली. मी पुन्हा उजवीकडे गेलो, कारण माझा विश्वास बसला नाही. टेकली. बंपरखाली आत्याला हव्या असलेल्या तीन बोटांच्या वर आणखी एक बोट जागा होती.

"झालं," मी म्हणालो. गाडीखालून ते कोणाला ऐकू गेलं नाही.

"काय?"

"झालं, आत्या!"

"कोणी उतरू नका," आत्या म्हणाली. "अशीच नेते."

भंगारवाल्याने स्वतःच आतून हाक मारून आपल्या माणसाला ट्रक फाटकासमोरून बाजूला घ्यायला सांगितलं. एखाद्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं गिऱ्हाईक सोडलेलं मी तेव्हाच पाहिलं. डॉक्टर चढाशेजारी जमिनीवर गाल टेकून आडवा झाला, म्हणजे फट दिसावी. आत्याने चष्मा पुसला. गाडी निघाली.

पुढची चाकं चढाला लागली. बंपर सिमेंटकडे झुकला. गच्चीवरचे कठड्यावरून वाकले. डॉक्टर आडव्या गालाने बोलत होता: "या... या... या... आहे... आहे जागा... आहे..." बंपर सिमेंटच्या वरून गेला, एखादी जाणती बाई ओल्या फरशीवरून परकर उचलून जावी तसा. खर्रर्र आवाज झाला नाही. त्या न झालेल्या आवाजाने सगळी गल्ली दणाणली.

नाक वर चढलं. आकाशाकडे बघितलं. मग पुढची चाकं रस्त्यावर आली, पाठोपाठ मधलं पोट, मग मागची चाकं, आणि ती मलईच्या रंगाची अख्खी गाडी, दोन पलंग, एक ओटा, एक आरसा, आई, बाबा आणि भंगारवाल्यासकट, नगरपालिकेच्या सर्व थरांच्या वर जाऊन उभी राहिली. सरळ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. आत्याने हॉर्न वाजवला. तो इतकी वर्षं न वाजल्यामुळे आधी खाकरला, मग असा वाजला की गच्चीवरची कबुतरं उडाली आणि माणसं टाळ्या वाजवायला लागली. डॉक्टर उठून उभा राहिला. त्याच्या एका गालावर अंगण होतं. "ऑपरेशन सक्सेसफुल!" तो गच्चीकडे बघून ओरडला, आणि त्या क्षणी त्याचं श्रेय काढून घ्यावं असं कोणाच्याही मनात आलं नाही.

मी धावत जाऊन दार उघडलं. बाबा अजून हाताची घडी घालून बसले होते. पैज त्यांना आत घेऊनच फाटकाबाहेर गेली होती, त्यामुळे हरलो म्हणून बाजूला उभं राहायचीही सोय राहिली नव्हती.

"बाळ," आत्या म्हणाली, "उतरायचं असेल तर उतर."

बाबांनी फाटकातून आत, रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. गाडीच्या जागी एक कोरडा चौकोन उरला होता. मग समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"ही खिडकी पूर्ण कशी उघडते?" त्यांनी विचारलं.

भंगारवाला उतरला. त्याने मला माझी जागा दिली, शर्टाच्या बाहीने ती पुसूनही दिली. तो काही रिकाम्या हाताने गेला नाही. आईने बरेच दिवस द्यायचा मनात असलेला जुना गीझर त्याला दिला. जाताना त्याने गाडीचा पत्रा पुन्हा एकदा वाजवला, पण या वेळी तळहाताने, घोड्याच्या पाठीवर थोपटावं तसं. भात आईने भांड्यासकट आत मागवून घेतला.

आणि आम्ही गेलो. कुठे, हे आत्याने सांगितलं नव्हतं. गावाबाहेर पडल्यावर रस्ता टेकडीकडे वळला. वळणावर गाडी झुकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. ओट्यावर आईने ठेवलेलं भांडं जागचं हललं नाही. आत्याच्या पाठीकडे मी मागून पाहत होतो. शिलाईवर वाकून वाकून ती पाठ कायमची गोल झाली होती. पण त्या खुर्चीत ती तशी दिसत नव्हती. टेकडीपलीकडे तळं होतं. तळ्याकाठी बायका-मुलं हिंडत होती, वारा होता. आत्या गाडीतून उतरली, काठापर्यंत गेली, आणि बराच वेळ तिथल्या बायकांच्या कोटांकडे पाहत उभी राहिली.

"इथे तुटत असतील," ती म्हणाली. "वारा आहे ना. घट्ट ओढून घेत असणार."

पलंगावर बसून आम्ही भात खाल्ला. बाबांनी दोनदा वाढून घेतला. मग ते आत्याला म्हणाले, "ताई, पुढच्या रविवारी त्या घाटावरून गेलो तर? माझ्याकडे त्या बाजूचे फार क्लेम यायचे. जागा सुंदर असणार." ही त्यांनी आयुष्यात केलेली सर्वांत मोठी शरणागती होती, आणि ती त्यांनी तोंडात घास असताना केली.

परतताना पेट्रोल पंप लागला. काटा शून्यावर टेकलेला होता. आत्या ऐटीत उतरली आणि पंपावरच्या माणसाला म्हणाली, "काठोकाठ." त्या टाकीत पेट्रोल किती मावतं ते आम्हाला तेव्हा कळलं; आत्याने गाडी घेतल्यापासून ती कधी भरलेली नव्हती, कारण कुठे जाताच आलं नव्हतं. बाबांनी पुढे होऊन पैसे दिले आणि आत्याने ते देऊ दिले.

गल्लीत शिरलो तेव्हा गच्चीवर अजून माणसं होती. आत्याने पुन्हा हॉर्न वाजवला. फाटक उघडं होतं. ती एका हाताने स्टिअरिंग वळवत, दुसऱ्या हाताने गच्चीकडे हात हलवत, चढावरून अंगणात उतरायला लागली, आणि चढाच्या माथ्यावर गाडीचं पोट टेकलं. पुढची चाकं आत, मागची रस्त्यावर, आणि आम्ही मध्ये. डॉक्टर धावत आला, आडवा झाला, पोटाखाली हात घालून पाहू लागला, पण हात जाईना.

टाकी भरलेली असली की गाडी दोन बोटं खाली बसते.